खोली फिरते की तुम्ही?

खूप दिवसांनी लिहितेय. दोघीतिघींनी 'आहेस ना गं?' म्हणून फोन केले, तेव्हा म्हटलं आता लिहूनच टाकावं. एरवीही हे लिहायचं कधीचं मनात होतं, पण सुरुवात कुठून करायची ते ठरत नव्हतं. पडले तिथूनच करते.

२०२३ साली मुंबई-ठाण्यात पाऊस उशिरा आला. २५ जूनला आला एकदाचा, आणि पुढच्याच आठवड्यात मी आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात घसरले. लिफ्ट बंद, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या, पायात गुळगुळीत झालेल्या रबरी चपला, आणि वर कोणाची तरी छत्री निथळून झालेलं तळं! म्हणजे पडण्यासाठी जे जे लागतं ते सगळं जमवून आणलं होतं. आधी पार्श्वभागावर आणि मग मागे डोक्यावर. पायरीची कड डोक्याच्या मागे उजव्या बाजूला लागली. रक्त नाही, शुद्ध हरपली नाही, फक्त लिंबाएवढं टेंगूळ. टोमॅटो मात्र तळमजल्यापर्यंत गेले.

नवऱ्याने त्याच रात्री सीटी स्कॅन करायला नेलं. रिपोर्ट नॉर्मल. "डोक्यात काहीही नाही," असं त्याने सासूबाईंना फोनवर सांगितलं आणि पुढे "हे मी लग्नापासून सांगतोय" हेही म्हणाला. हसलो. झोपलो.

खरी गंमत तिसऱ्या दिवशी पहाटे. गजर बंद करायला मी उजव्या कुशीवर वळले, दोन-तीन सेकंद काहीच नाही आणि मग अख्खी खोली सुटली. सुटली म्हणजे काय... कपाट, खिडकी, भिंतीवरचं घड्याळ हे सगळं एकाच दिशेने वर वर सरकतंय, पुन्हा जागेवर येतंय, पुन्हा सरकतंय. डोळे मिटले तर आणखी वाईट. मी दोन्ही हातांनी गादी धरली होती. गादी! जमिनीपासून दीड फुटावर झोपलेली बाई आणि तिला वाटतंय की आपण आता पडणार. ओरडले असणार, कारण लेक धावत आली. ती येईपर्यंत सगळं थांबलं होतं. घाम, उलटीची भावना आणि धडधडतं काळीज एवढंच शिल्लक. "मम्मा, काय झालं?" काय झालं ते मलाच सांगता येईना.

मग सुरू झालं सल्ल्यांचं पर्व. पित्त झालंय, मोरावळा खा. रक्त कमी आहे, खजूर खा. बीपी बघ. साखर बघ. चष्म्याचा नंबर बदलला असेल. वयाचं आहे गं, आपल्या वयात असंच. (हे सांगणारी मैत्रीण माझ्याहून सहा महिन्यांनी मोठी आहे, तेव्हा तिचा अधिकार मान्य.) सासूबाईंनी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. त्या वेळी मी मान उजवीकडे वळवली नाही म्हणून मला काही झालं नाही आणि त्याचं श्रेय मोहऱ्यांना गेलं. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी मानेचा एक्सरे काढला, मणक्यात थोडी झीज दिसली (पन्नाशीत कोणाला दिसत नाही?), गळ्याला पट्टा लावला आणि चक्करीच्या गोळ्या दिल्या. त्या गोळ्या घेतल्या की दिवसभर मी भिजवलेल्या पोह्यांसारखी. चक्कर होतीच, फक्त ती आली तरी फारसं वाईट वाटेनासं झालं.

पाच आठवडे असे काढले. त्या पाच आठवड्यांत मी काय काय सोडलं ते आता आठवलं की नवल वाटतं. उजव्या कुशीवर झोपणं सोडलं. वरच्या फळीवरचा डबा काढणं सोडलं, कारण मान वर केली की खोली हलायची. केस धुताना डोळे मिटून मागे वाकणं सोडलं. वाकून झाडणं, कपडे वाळत घालणं, हाक आली तर पटकन वळून बघणं, सगळं बंद. मला कोणी हाक मारली की मी मान ताठ ठेवून अख्खीच्या अख्खी वळायचे, दशावतारातल्या राजासारखी.

आणि लोकल. ज्या बाईने सव्वीस वर्षं ठाणे ते सीएसएमटी उभ्याने, एका हाताने पुस्तक वाचत, दुसऱ्या हाताने पर्स सांभाळत, कशालाही न धरता प्रवास केला, तिला प्लॅटफॉर्मवर उभं राहवेना. पुलाचा जिना उतरताना मी कठड्याला दोन्ही हातांनी धरून एकेक पायरी, आणि मागून बायकांचा लोंढा, "अहो चला ना!" समोरच्या रुळावरून फास्ट गाडी धडधडत गेली की मला वाटायचं आपणच निघालो. दोनदा खांबाला मिठी मारली. गाडीत चौथ्या सीटवर टेकायला मिळालं तरी अर्धं शरीर बाहेर, तोल सावरायचा, तेही जमेना. शेवटी रजा टाकली. रजा संपल्यावर बिनपगारी. ऑफिसातून 'किती दिवस?' असा फोन आला तेव्हा पहिल्यांदा मनात आलं की हे बरं झालंच नाही तर? मला दिसत होतं, ऐकू येत होतं, ताप नव्हता, रिपोर्ट नॉर्मल होते. बाहेरून बघणाऱ्याला मी धडधाकट. एक दिवस दाराआडून नवऱ्याचं आणि त्याच्या बहिणीचं बोलणं कानावर पडलं, "थोडं मानसिकही असेल, घाबरलीय ती." त्याचं चुकलं असं म्हणत नाही. पण त्या दिवशी मला जी व्यक्ती आठवली तिच्याबद्दल पुढे सांगते, तिच्यासाठीच हे सगळं लिहितेय.

त्याआधी कानाच्या डॉक्टरीणबाई.

लेकीच्या मैत्रिणीच्या आईने त्यांचं नाव सुचवलं. कान? मी म्हटलं माझे कान उत्तम आहेत, दाराआडचंही ऐकू येतं. तरी गेले. बाईंनी फाइल उघडलीच नाही. म्हणाल्या, "चक्कर म्हणजे काय होतं ते 'चक्कर' हा शब्द न वापरता सांगा."

बघा प्रयत्न करून! आपल्याकडे शब्द काय कमी आहेत? घेरी येते, भोवळ येते, गरगरतं, भोवंडतं, अंधारी येते, झोकांडी जाते, डोकं हलकं होतं. आणि आपण हे सगळे एकाच पिशवीत टाकून 'चक्कर' म्हणतो. बाई म्हणाल्या, हे सगळे वेगळे आजार आहेत. उठून उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येणं वेगळं, चालताना झोकांडी जाणं वेगळं आणि गरगरणं वेगळं. मग त्यांनी तीन प्रश्न विचारले. खोली फिरते की तुम्ही? किती वेळ? काय केल्यावर? मी म्हटलं खोली फिरते, अर्धा मिनिट, उजवीकडे वळल्यावर. अर्धा मिनिट कशावरून? कारण मी मोजत होते. घाबरल्यावर मी आकडे मोजते, लहानपणापासूनची सवय. पंचविसाच्या आसपास थांबायचं. बाई खूश झाल्या. पाच आठवड्यांत मला कोणी किती वेळ हे विचारलंच नव्हतं.

मानेचा एक्सरे नीट पाहून मग त्यांनी मला तपासणीच्या टेबलावर बसवलं, डोकं उजवीकडे अर्धवट वळवलं, आणि "डोळे मिटायचे नाहीत, काहीही झालं तरी माझ्या नाकाकडे बघायचं" असं म्हणत झटकन मागे आडवं केलं, डोकं टेबलाच्या कडेबाहेर थोडं खाली. एक, दोन, तीन... आणि निघाली खोली! मी त्यांचा हात असा धरला की नखं लागली असतील. त्या मात्र माझ्या डोळ्यांत बघत होत्या, आणि शपथेवर सांगते, त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता. "छान! अगदी छान नाचताहेत!" माझे डोळे. आपण म्हणतो खोली फिरते, तर खोली कशाला फिरेल, आपले डोळेच गोल झटके मारत असतात. या तपासणीला डिक्स-हॉलपाइक म्हणतात. मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक या दोघांनी १९५२ साली लंडनमध्ये तिचं वर्णन केलं. त्यातल्या डिक्सबाईंना खरं तर सर्जन व्हायचं होतं. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यात चेहऱ्याला आणि डोळ्यांना इजा झाली, तो रस्ता बंद झाला, म्हणून त्या या चकरांच्या विषयाकडे वळल्या. हे मी नंतर वाचलं. डोळे गेले-वाचले अशा बाईने दुसऱ्यांच्या डोळ्यांत बघून रोग ओळखायला शिकवलं, हे काही केल्या मनातून जात नाही.

आता ही भानगड काय ते मला जसं समजलं तसं सांगते. कानात आत, ऐकण्याच्या शंखाशेजारीच, तोल सांभाळण्याचं यंत्र आहे. त्यात तीन अर्धगोल नळ्या, आत पाण्यासारखा द्रव. डोकं फिरलं की नळी फिरते पण द्रव मागे रेंगाळतो, त्याने आतला एक मऊ पडदा झुकतो आणि मेंदूला कळतं की डोकं वळलं. फुगडी आठवा. फुगडी घालताना जेवढं होत नाही तेवढं थांबल्यावर गरगरतं ना? कारण आपण थांबलो तरी तो द्रव अजून फिरतोच आहे. आपल्या आज्या-पणज्या दर मंगळागौरीला हा प्रयोग करत होत्या, फक्त कोणी लिहून ठेवला नाही.

या नळ्यांच्या बुडाशी एक छोटी पिशवी आहे आणि तिच्यात एका चिकट थरावर बारीक बारीक खडे बसलेले असतात. कॅल्शियम कार्बोनेटचे. म्हणजे आपल्या शिंपल्यांत असतं तेच! माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी लहान. त्यांच्या वजनामुळे आपल्याला वर कुठे, खाली कुठे ते कळतं. डोक्याला दणका बसला की यातले काही खडे सुटतात आणि नळीत जाऊन पडतात, बहुतेक वेळा मागच्या नळीत, कारण ती सगळ्यात खाली. मग कूस बदलली की हे खडे घरंगळतात, द्रवाला ओढतात, पडदा झुकतो आणि मेंदूला निरोप जातो की बाई भिंगरीसारखी फिरतेय. डोळे म्हणतात नाही, पाठ म्हणते नाही, ती गादीवर आहे. मेंदू बिचारा कोणाचं ऐकणार? खडे तळाला बसले की थांबतं. म्हणून अर्धा मिनिट. दणका न बसताही वयाप्रमाणे हे होतं, पण मार लागून झालेलं जरा चिवट असतं, पुन्हा पुन्हा होतं.

या आजाराबद्दल सगळ्यात आधी नीट लिहिलं रॉबर्ट बारानी या व्हिएन्नाच्या डॉक्टरने, १९२१ साली. कानात गार-गरम पाणी घातल्यावर डोळे का नाचतात हे त्याने शोधलं होतं आणि त्याच कामासाठी त्याला १९१४ चं नोबेल मिळालं, तेव्हा तो युद्धकैदी म्हणून रशियात होता! असो. तर त्याने जिची हकीकत लिहिली ती होती सत्तावीस वर्षांची एक बाई, आणि तिला चक्कर यायची ती फक्त उजव्या कुशीवर वळल्यावर. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. का ते सांगता येत नाही. शंभर वर्षांपूर्वीची कोणी अनोळखी बाई, पण तिच्यावर कोणीतरी विश्वास ठेवला आणि लिहून ठेवलं.

उपाय तर ऐकून हसाल. नळीत खडा अडकला असेल तर काय करतो आपण? नळी वाकडीतिकडी करून खडा बाहेर काढतो. तेच! डोकं उजवीकडे वळवून आडवं करायचं, थांबायचं. मग डोकं डावीकडे, थांबायचं. मग अख्खं अंग डाव्या कुशीवर, नाक जमिनीकडे, थांबायचं. मग उठून बसायचं. खडे नळीतून फिरत फिरत परत त्या पिशवीत. गोळी नाही, सुई नाही, पाच-सात मिनिटांचं काम. अमेरिकेत पोर्टलंडला जॉन एपली नावाचे डॉक्टर होते, त्यांनी हे शोधलं. १९८० च्या सुमाराला ते सांगायला लागले, आणि लोकांनी वेड्यात काढलं. नुसतं डोकं फिरवून कुठे चक्कर जाते? त्यांचा लेख छापून आला १९९२ साली. मधल्या काळात टिंगल, नंतर तर त्यांच्याविरुद्ध तक्रारसुद्धा झाली, त्यातून ते पुढे सुटले. आता जगभर एपलीच्या नावानेच हा उपाय ओळखतात. २०१९ मध्ये ते गेले.

(एक सूचना, कारण आमच्या घरातले उत्साही लोक हे वाचणार आहेत. व्हिडिओ बघून लगेच एकमेकांची डोकी फिरवायला जाऊ नका. कोणता कान, कोणती नळी आणि मान ठीक आहे ना, हे आधी कळायला हवं. आणि चक्करीबरोबर बोलणं अडखळलं, एकाचं दोन दिसलं, हातपाय लुळा पडला, अचानक ऐकू येईनासं झालं किंवा डोकं भयंकर दुखलं, तर मोरावळा नको, सरळ हॉस्पिटल. दादा, हे तुला आहे.)

मला तीनदा करावं लागलं, दर आठवड्याला एकदा. तिसऱ्या वेळी बाईंनी मला आडवं केलं, मी मोजायला लागले, तीस झाले, चाळीस झाले, खोली आपली जागेवर. छतावर एक पाल होती. तीसुद्धा जागेवर. मी रडले.

पण गोष्ट इथे संपली नाही. गरगरणं गेलं तरी चालताना आपण होडीत असल्यासारखं वाटायचं ते राहिलंच. बाई म्हणाल्या, मार लागल्यावर असं होतं, आणि पाच आठवडे तुम्ही डोकं हलवलंच नाहीत, वर गोळ्या, त्यामुळे मेंदू शिकायचं विसरलाय. आता मुद्दाम चक्कर आणायची. हो, मुद्दाम! व्यायाम दिले. अंगठा समोर धरून त्यावर नजर, आणि मान डावी-उजवी. गादीवर उभं राहून डोळे मिटायचे. एका रेषेत टाचेला पाऊल लावून चालायचं. चेंडू डोळ्यांच्या वर एका हातातून दुसऱ्या हातात टाकायचा. हे शेवटचं मी लिंबू घेऊन करायचे आणि ते दर वेळी ओट्याखाली जायचं, मग वाकून काढायचं, तोही व्यायामच. हे सगळं १९४० च्या दशकात इंग्लंडमध्ये कॉथॉर्न आणि कुक्सी या दोघांनी डोक्याला मार लागलेल्या सैनिकांसाठी बसवलेलं. रोज सकाळी गॅलरीत मी त्या सैनिकांची कवायत करत होते आणि समोरच्या बिल्डिंगमधले आजोबा पेपर खाली घेऊन बघत होते.

डोळे मिटून उभं राहिल्यावर एक कळलं. माणूस तीन पायांवर उभा असतो. डोळे, कान, आणि खाली जमिनीची खबर देणारे तळवे आणि सांधे. एक गेला तर दोन सांभाळून घेतात. अंधारात, ओल्या फरशीवर, गादीवर दुसराही डळमळतो आणि मग आपण भिंतीकडे हात नेतो.

भिंतीकडे हात. इथेच आजी आली.

माझी वडिलांची आई. चिपळूणजवळच्या आमच्या गावी राहायची. १९८१ च्या मे महिन्यात, पावसाळ्याची बेगमी वर टाकताना, ती माळ्याच्या शिडीवरून पडली. मी सात वर्षांची, तिथेच होते, सुट्टीला गेलेली. खाली शेणाने सारवलेली जमीन होती म्हणून वाचली म्हणाले. दोन दिवस हळद-गूळ, लेप, आणि तिसऱ्या दिवशी उठली कामाला. त्यानंतर मात्र आजी कधी आडवी झोपली नाही. भिंतीला गादीची वळकटी लावायची आणि तिला टेकून बसल्या बसल्या झोपायची. चालताना एक हात कायम भिंतीवर. ओटीपासून स्वयंपाकघरापर्यंत भिंतीवर तिच्या हाताचा एक तेलकट पट्टा उमटला होता, दर दिवाळीला रंग दिला की महिनाभरात पुन्हा. तिला हाक मारली की ती अख्खी वळायची. विहिरीवर जाणं तिने सोडलं, आणि ते सगळं माझ्या मोठ्या काकूच्या गळ्यात पडलं. "घर फिरतं गो माझं," एवढंच म्हणायची. घरात दोन मतं होती. एक, वारं लागलं. त्यासाठी देवळात कौल लावून झाला, नारळ देऊन झाले. दुसरं मत हळू आवाजात बोललं जायचं, म्हातारी काम टाळते.

गौरीच्या रात्री आमच्याकडे फुगड्या असत. आजी म्हणे तरुणपणी अशी फुगडी घालायची की समोर टिकणारी मिळायची नाही. पडल्यानंतर ती भिंतीशी बसून राहायची, एक तळहात जमिनीवर पालथा टेकवलेला, आणि नाचणाऱ्यांकडे न बघता खाली बघत.

आणि मी तिची नक्कल करायचे.

आठ-नऊ वर्षांची असेन. हात भिंतीवर, मान ताठ, "घर फिरतं गो माझं!" सगळे पोट धरून हसायचे. पाहुणे आले की मला सांगायचे, आजी करून दाखव. मी दाखवायचे. एकदा ती माजघराच्या दारात उभी होती, ते मला उशिरा दिसलं. ती काही बोलली नाही. हसली असंही वाटतं मला, पण ते मी नंतर स्वतःच्या सोयीने घातलेलं असेल. १९९४ ला ती गेली. तोवर तशीच, बसूनच झोपत होती.

मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, इतक्या वर्षांनी, न तपासता कसं सांगू? हे खडे बरेचदा काही आठवड्यांत, महिन्यांत आपोआपही जागेवर जातात. तेरा वर्षं राहिले असतील की नुसती भीती राहिली असेल की दुसरंच काही होतं, काही सांगता येणार नाही. मी म्हटलं, पण असलं तर? त्या म्हणाल्या, असलं तरी १९८१ साली तुमच्या गावात काय झालं असतं? एपलींचं तेव्हा अमेरिकेतसुद्धा कोणी ऐकत नव्हतं. हे त्यांनी मला बरं वाटावं म्हणून सांगितलं. काहीसं वाटलंही. पण हसू नये म्हणून तर कुठल्या शोधाची गरज नव्हती.

त्या रात्री आत्याला फोन केला. आत्या चिपळूणला असते, तेव्हा अठ्ठ्याहत्तरची होती. तिला सगळं सांगितलं, खडे, नळी, आजीचं. ती बराच वेळ गप्प. मला वाटलं फोन कट झाला.

"आत्या?"

"अगो, मला पण होतं."

"काय होतं?"

"तेच. सकाळी उठलं की. दोन वर्षं झाली. कोणास सांगितलं नाही. आईला आम्ही काय काय बोललो, आता माझं मी कुठल्या तोंडाने सांगू?"

त्या वर्षी गणपतीला मी मुद्दाम चार दिवस आधी गेले, कोकण रेल्वेने, खिडकीशी, बोगद्यांत डोळे उघडे ठेवून. आत्याला तिथल्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. वाटेत रिक्षात तिला मोठ्या अधिकाराने समजावलं, घाबरू नकोस, डोळे मिटू नकोस, अर्ध्या मिनिटात थांबतं. डॉक्टरांनी तिला उजवीकडे आडवं केलं, डावीकडे आडवं केलं. आत्याचे डोळे स्वस्थ. काही नाचेना. मग त्यांनी तिचं बीपी झोपून मोजलं आणि उभं करून मोजलं, तर उभं राहिल्यावर चांगलंच खाली आलेलं. गोळीचा डोस जास्त होता! तो कमी केला, पाणी जास्त प्यायला सांगितलं, आणि उठताना आधी जरा बसायचं, मग उभं राहायचं. झालं. खडे नाहीत, नळी नाही. माझं अख्खं व्याख्यान वाया. खोली फिरते की तुम्ही, हा प्रश्न मी तिला फोनवर विचारलाच नव्हता.

आत्या मात्र बाहेर येऊन बाकावर बसली आणि म्हणाली, "म्हणजे आईचं वेगळं आणि माझं वेगळं?"

"वेगळं."

"मग आईचं काय होतं?"

"माहीत नाही गं."

"उजवीकडे नाही वळायची ती," आत्या म्हणाली. "उजव्या कुशीला काही ठेवू देत नसे. पाण्याचा तांब्यासुद्धा डावीकडे. मी एकदा रागाने उजवीकडे ठेवला होता."

गौरी जागवायच्या रात्री फुगड्या झाल्या. काकूच्या सुना, नातसुना, माझी लेक. मलाही ओढत होत्या. बाईंनी परवानगी दिली होती खरं तर, सगळं करा म्हणाल्या होत्या. मी दोन गिरक्या घेतल्या असतील, थांबले, घर फिरलं, आणि थांबलंही, जसं सगळ्यांचं थांबतं तसं. मग आत्याच्या शेजारी भिंतीशी जाऊन बसले. तिने विचारलं, "येतंय का?" म्हटलं, "नाही, दम लागला." आमच्या मागे तीच भिंत होती, आता तिच्यावर ऑइलपेंट आहे, पट्टा दिसत नाही. आत्याने माझा हात उचलून बघितला. मी कधी तो जमिनीवर पालथा टेकवला होता ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं.